लांबी

मिनीन म्हणाला, रंग काढायचा तर आताच.
खाणी बंद, टिप्पर बंद,
कुडचड्याच्या हवेत तांबडी धूळ उरली नाही
ओल्या रंगावर येऊन बसायला.
जन्मभर त्याने टिप्परच रंगवले,
मागच्या फळीवर कमळ, मासा, मालकाच्या मुलीचं नाव.
आता हवा स्वच्छ आणि माझे हात रिकामे, म्हणाला,
आणि हसला नाही.

गाडी डॉज चार्जर, सत्तर सालची.
आठ सिलिंडर, स्टीअरिंग डावीकडे.
बहरीनहून मुरगावच्या धक्क्यावर उतरली
तेव्हा मी पाच वर्षांची.
बाबा सांगतात, सावर्ड्याच्या फाटकात
आगगाडी थांबली होती तिला बघायला.
आणि "शोरूममधून काढली" हे वाक्य
आमच्या घरात समईसारखं,
रोज घासूनपुसून ठेवलेलं.

पहिल्या रविवारी रिमूव्हर.
जाडसर थापला की रंगाला फोड येतात,
सायीसारखी सुरकुती धरते,
मग पत्र्याची पट्टी खाली सारून ओढायचं.
वरचा किरमिजी, माझ्या लग्नाच्या वर्षीचा.
खालचा पांढरा, कुणाकडे तरी उरला होता म्हणून.
मग निळा. मग राखाडी.
मी उच्च माध्यमिकात रसायनशास्त्र शिकवते.
गंज फळ्यावर लिहिणं वेगळं,
जेवताना बोटांना त्याचा वास येणं वेगळं.
"रंग घायेन मारलो जाल्यार घायेन सुटता, बाय,"
मिनीन म्हणायचा. हा सुटत नव्हता.

काचबिंदूने बाबांचे डोळे नेले.
सोप्यावर खुर्चीत बसून ते
घासकागदाचा आवाज ऐकतात.
"ऐंशी नंबर पुरे. एकशेवीस घे."
मी घेते.

चौथ्या रविवारी मिनीनने
फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं.
बोनेटवर टक्.
छपरावर टक्.
दारावर टक्.
डाव्या मडगार्डवर ते घसरलं
आणि माझ्या चपलेवर पडलं.
पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

सोप्यावर खुर्ची करकरली.
"तिथे लोखंड नाही," बाबा म्हणाले,
"लांबी आहे."

मला आधी मापच वाटलं.

मग हळूहळू, एकेक शब्द पट्टीने खरवडल्यासारखा:
शोरूम नव्हतं. मनामाबाहेरचं भंगाराचं आवार.
कुणा गोऱ्या पोराने दिव्याच्या खांबावर घातलेली.
तीन महिन्यांचा पगार, बाकी हप्त्यांनी.
दिवसा कंपनीचे पंप,
रात्री कॅम्पच्या मागे, टॉर्च दातात धरून,
थरावर थर.
वाळूचं वादळ आलं की चादर,
तीच अंगावरची.
"तुझ्या आईला मी शोरूम लिहिलं होतं पत्रात.
मग ते तसंच राहिलं."

मी काही बोलले नाही.
मिनीन मडगार्डपाशी उकिडवा बसला,
नखाने टिचकी मारली, कान लावला,
तळवा फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
छत्तीस वर्षं. एक तडा नाही.
"कोणें भरल्या ही?" त्याने विचारलं,
जणू आताच काही ऐकलं नव्हतं.

तेवढी जागा आम्ही उकरली नाही.

दिवाळी उलटल्यावर अंगणात पाणी शिंपडून
रेड ऑक्साइड मारला, खिडक्यांना जुनी वर्तमानपत्रं,
त्यातल्या खाणींच्या बातम्या आपसूक लाल झाल्या.
रंग कुठला विचारलं तर बाबा म्हणाले,
मला काय, बघणार तू.
मी निळा घेतला.
एक पतंग चिकटला ओल्या दारावर,
मिनीनने चिमट्याने उचलला, पाय मात्र राहिले.

इंजिन अजून सुरू झालेलं नाही.
मागच्या आठवड्यात पणजीहून कुणी क्लबवाले आले,
गाडीभोवती दोन चकरा मारल्या,
ओरिजिनल आहे का, म्हणाले.
मी तोंड उघडायच्या आत
त्यातल्या एकाने डाव्या मडगार्डवर बोटाच्या पेराने ठोकलं.
बद्द आवाज आला.

"ते माझं काम,"
सोप्यावरून बाबा म्हणाले.