रकाना

पँट-अर-ऑनेन. ॲशच्या झाडाची घळ.
कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलं: पँटरनन.
ते सापडायला मला तीन हिवाळे लागले.

पणजी तिथली. ओढा ओलांडून नांदायला आली,
जेमतेम दोन मैल.
पण ओढ्याच्या वर गावं 'लान'नं सुरू होतात,
खाली 'टन'नं संपतात.

१९०१ची शिरगणती, भाषेचा रकाना.
सायलस, नवरा: इंग्रजी.
टेगवेद, बायको: वेल्श.
थोरल्या तिघी: इंग्रजी, इंग्रजी, इंग्रजी.
मग जेवताना मीठ कुणी कुणाला मागितलं?

धाकटा इथेल, नाव तिनंच ठेवलेलं, वय दोन.
त्याच्यापुढे नुसती रेघ.
इतक्या लहानाला भाषा विचारत नसत.

आजोबा मरेपर्यंत त्या ओढ्याला 'नांत' म्हणत.
त्यांना वाटे, ते त्याचं नाव आहे.
नांत म्हणजे ओढा. कुठलाही.