नवी आवक

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव
फळ्यावर लागतो साडेअकराला.
त्याच्या आधी माझा फळा लिहून होतो:
नवी आवक एकोणीस, पुनर्मुद्रणं चार.
अनुदान आलं की पुस्तकं येतात.
अनुदान कधी येतं,
ते अजून कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

खोक्याची सुतळी मी कापत नाही, सोडते.
सुतळी कामाला येते.
आत शाईचा कच्चा वास, तळाशी
परभणीच्या एसटीची मूठभर धूळ.

या मुंजाजीराव, हे तुमच्यासाठी.
कोळ्यांवरचं आहे. होडीतले नव्हेत, भिंतीवरचे.
दोनशे पानांत एकही माणूस मरत नाही,
माशा मरतात.
‘मला काय करायचंय कोळ्याचं?’
न्या तर खरं. रात्री गोदामात
पोत्यांवर पाठ टेकली की वर बघाल.

ही जाड कादंबरी. बक्षीस मिळालेली.
साठ पानं नायक नुसता खिडकीतून बाहेर बघतो,
एकसष्टाव्या पानावर त्याची बहीण येते
आणि पुस्तक ताब्यात घेते.
तिथूनच सुरू करा,
मी रजिस्टरात लिहीत नाही.

हे तेलुगूतून आलंय.
विड्या वळणाऱ्या बाईनं स्वतःचं सांगितलेलं.
भाषांतर थोडं चावतं, नव्या चपलेसारखं.
चार कोस चाला, सैल होतं.

संबोधी खिल्लारे तलाठी भरतीचं गाइड मागते.
गाइडाखाली मी कवितांचं पातळ पुस्तक सरकवते.
‘हे कशाला, मॅडम?’
घे गं, काट्यावर येत नाही त्याचं वजन.
मागचं तिनं परत केलं तेव्हा
एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.
दुमडलं तर दोन रुपये दंड आहे.
मी आधी ती कविता वाचली,
मग दंड विसरले.

आता पुनर्मुद्रण.
ती खुनाची गोष्ट आठवते ना, पिवळी पडलेली?
तेवीस वर्षं तिच्यात एकशे अकरा-बाराचं पान नाही.
एकशे दहावर डॉक्टरीणबाई दिवा मालवते,
एकशे तेरावर खानावळवाला तुरुंगात.
मधलं वसमतनं आपापलं ठरवलं.
खाजामियाँ म्हणतात, त्यानं गुन्हा अंगावर घेतला,
बाईला न सांगता.
पार्लरवाली अनुसया म्हणते, घेतला कसला,
गरिबाला कुणी विचारलंच नसेल.
लाइनमन सटवाजींचं मत वेगळं:
दिवा कुणी मालवला नाही, लाइट गेली.

तर ते पान आलं आहे.
नव्या कव्हरात, अक्षर बारीक करून,
आता ते शहाण्णवावर पडतं.
काल कुलूप लावायच्या आधी
उभ्यानंच वाचलं मी.
काय आहे ते सांगत नाही.
एवढंच म्हणते, लेखकाला
खाजामियाँइतकं सुचलेलं नव्हतं.

सकाळी तेच आले पहिले.
नवी प्रत हातात घेतली, चष्मा पुसला,
त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव…
तिथं अंगठा ठेवला आणि मिटली.
‘जुनी हाय ना अजून?’
आहे की.
तिच्या एकशे दहाव्या पानावर
कुणाचा तरी हळदीचा ठसा आहे,
बोटाच्या रेषा मोजता येतील इतका.
दुसऱ्या आवृत्तीत तो घेतलेला नाही.

माझी शिफारस विचाराल, तर
आधी जुनी न्या.
पंधरा दिवस ते पान तुमचं.
मग या, नवी तुमच्या नावावर ठेवते.
पटलं नाही तर भांडायला बाक आहे,
एक पाय हलतो, जपून बसा.

साडेअकरा झाले.
तिकडे हळद चढली म्हणतात.
सटवाजी, थांबा, तसेच नेऊ नका.
शिक्का अजून कालच्याच तारखेवर आहे.
फिरवते.