गाठ

कातडं वाचायला मला आईनं शिकवलं.
बाराखडीच्या आधी बोटांना कळलं होतं
की पाठीचं जाड, पोटाचं ढिलं,
आणि गोचिडानं जिथं तोंड लावलं होतं
तिथं हिरड्याच्या पाण्यात कितीही दिवस ठेवा,
टाचणीएवढा डाग राहतोच.
असला तुकडा वेणीला घ्यायचा नसतो.
तो आतल्या थरात घालायचा, टाचेखाली.

म्हणून पिल्याच्या बरगडीवर ती लागली
तेव्हा हात आपोआप थांबला.
(पिल्या तेरा वर्षांचा आहे. नाव बदलायचं राहून गेलं.)
सुपारी. नाही, सुपारीहून मऊ,
बोटाखालून सरकणारी,
खळीत न विरघळलेल्या गुठळीसारखी.
शेपटीच्या मुळाशी केस गेलेले, कातडी राखाडी,
आणि रात्रभर फरशीवर त्याचा मागचा पाय
खरर्, खरर्.

सदबा म्हणाले, "म्हातारं झालंय. काय करायचं आता त्येचं?"
आणि करंजाचं तेल कोमट करायला तेच उठले.

रिक्षावाला म्हणाला, कुत्रं असलं तर वीस जादा.
सुभाषनगरातून जनावरांच्या दवाखान्यापर्यंत
पिल्या माझ्या मांडीवर, तोंड बाहेर,
वरातीतल्या नवरदेवासारखा.
इंगवले डॉक्टर पोरसवदा. सुई घातली,
थेंब काचेवर पसरला, भिंगातून बराच वेळ पाहिलं.
"चरबी हाय मावशी. राहू दे तशीच.
वाढली, टणक लागली, तर परत आणा.
कातडीला हे मलम. चाटू देऊ नका."
आणि गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलं.

उठायला हवं होतं. उठले नाही.
फिनेलचा वास. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.
मी अंबाडा बाजूला केला, मान वाकवली,
म्हटलं, "डॉक्टर, जाता जाता ही बी बघा की."

दोन वर्षं होती ती तिथं.
आधी ज्वारीचा दाणा, मग हरभरा, मग आवळा.
नवऱ्याला नाही, सुनेला नाही.
दिवसभर चामड्याच्या वेण्या घालणारी मी
आपल्याच केसांखाली तिला झाकत होते.
हजार जोडांमधला डाग हेरणारं बोट
मानेवरून झटकन उचलून घेत होते,
तापल्या तव्यावरून घ्यावं तसं.

डॉक्टरांनी हात लावला नाही.
हातमोजे काढले, स्टूल ओढून समोर बसले.
"मी जनावरांचा," म्हणाले. हसले नाहीत.
"थोरल्या दवाखान्यात जावा. उद्याच.
तिथं बी एवढंच करतील, सुई.
पिल्या रडला का?"

नव्हता रडला.

मी थोडी रडले, मंगळवारी, रांगेत,
सुईच्या आधीच. पुढच्या बाईनं पाण्याची बाटली दिली.
तिच्या कोपरांवर पांढरे खवले होते,
बाह्या मुद्दाम लांब शिवलेल्या.
आम्ही एकमेकींना काही विचारलं नाही.

रिपोर्ट शुक्रवारी. आज बुधवारची रात्र.
सदबांना सांगितलं. ते गप्प.
रापीला धार लावत बसले,
धार असलेल्याच रापीला.
मग तेलाची वाटी घेऊन आले.
आधी पिल्या, मग माझ्या तळव्यांच्या भेगा,
मग आरीनं घट्टे पडलेलं त्यांचं बोट
अंबाड्याखाली चाचपत गेलं, पोचलं, थांबलं.
"तेलानं काय व्हतंय तिथं?" मी म्हटलं.
"काय न्हाई व्हत," ते म्हणाले,
आणि लावत राहिले.

नरसाळं दाराला आपटत पिल्या आत आला,
पुन्हा आपटलं, पुन्हा आला.
कोपऱ्यात एक तुकडा पडून आहे,
गोचिडाच्या डागांचा, पण मऊ.
टाचेखाली घालायचा होता.
त्याचा पिल्याला गळपट्टा करीन म्हणते,
डाग वरच्या बाजूला.
आधी ते नरसाळं निघू दे.