पान सत्तेचाळीस

सेमिनरी हिल्सच्या उताराला माझं झेरॉक्सचं दुकान.
जातीचे दाखले, सातबारे, पोरांच्या नोट्स,
आणि महिन्यातून एखाद्या वेळी
लांजेवार मॅडमचे जाडजूड अहवाल,
दगडांच्या खात्यातले.
मशीन तापेपर्यंत वाचायची सवय लागली.
इंग्रजी अर्धं समजायचं, अर्धं चित्रांवरून.
असं माझं शिक्षण झालं: सुटी पानं,
उलटसुलट, कडेला काळी.

टाकळी म्हणजे आपली काटोल रोडची टाकळी?
हो, मॅडम म्हणाल्या, तीच.
म्हणजे जिथे माझा साळा फ्लॅटचे हप्ते भरतो
तिथे तळं होतं.
दोन लाव्ह्यांच्या मधल्या सुट्टीत
बेडूक, मासे, गोगलगायी,
आणि काठावर कोणीतरी
दात पाडून गेलेलं.

तेव्हापासून मी विचारत सुटलो.
दात पडला की दुखायचं का त्याला?
मे महिना तेव्हाही असायचा?
असला, तर एवढं मोठं जनावर
सावलीला कुठे उभं राहायचं?
ओरडायचं म्हशीसारखं,
की नुसतंच तळपायांना कळायचं,
हिंगण्याच्या कारखान्यातल्या प्रेससारखं?
पहिला लाव्हा आला तेव्हा पळाले, हे समजतं.
पण थंड झाल्यावर
त्याच जागी परत काहून आले?

मॅडम चष्मा पुसतात, चिल्लर मोजतात.
"हाड मोजता येतं, बावनकर," म्हणतात,
"दुखणं नाही."

शेणाचं मात्र कळलं.
पिसदुऱ्याला सापडलेलं, दगड झालेलं शेण,
त्यात गवताचे कण,
तांदळाच्या गोतातले.
त्या दुपारी मी डबा उघडून
भाताकडे बघत बसलो.
बायकोचा फोन आला, जेवले का?
म्हटलं, हा भात खूप जुना आहे गं.
ताजा आहे, ती चिडली,
सकाळी साडेसहाला लावला!

गिट्टीखदानला गटारासाठी खणत होते,
तिथून एक तुकडा उचलला, बोटाएवढा.
मॅडमनी सांगितलेलं: जुनं हाड जिभेला चिकटतं,
दगड चिकटत नाही.
रस्त्यातच लावला जिभेला.
"काय करून राहिले काका?" फावडंवाला हसला.
चिकटला.
की माझीच जीभ कोरडी होती;
पंचेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी.

मॅडमना दाखवायचं ठरवलं होतं,
पण त्या आल्या त्या बदलीचा कागद घेऊन,
दोन प्रती, जरा घाईत.
दगड खिशातच राहिला.

एक गोष्ट त्यांना कधी सांगितली नाही.
त्यांच्या शेवटच्या अहवालाचं सत्तेचाळीसावं पान
मशीनने खाल्लं. रोलरमध्ये चिंध्या झाल्या.
शेहेचाळीसाव्याची शेवटची ओळ अशी:
या प्राण्यांच्या वागण्याबद्दल
एवढंच खात्रीने म्हणता येईल की
आणि अठ्ठेचाळीसाव्यावर
सरळ आभार.

तो तुकडा आता काउंटरवर असतो.
हे काय? एखादं गिऱ्हाईक विचारतं.
कागद उडू नये म्हणून, मी सांगतो.
रात्री शटर अर्धं ओढतो,
माठातलं पाणी पितो,
आणि कोणी बघत नाही ना ते पाहून
पुन्हा एकदा लावून बघतो.