दारूखाना, बी बाजू

इटलीचं जहाज फोडायला आलं त्या साली
भांडी, गाद्या, भिंतीवरचं घड्याळ
सगळं लिलावात गेलं.
बाबांच्या वाट्याला आली
एका खलाशाच्या खणातली कॅसेट,
वर निळ्या शाईत काहीतरी, आणि मिठाचा डाग.

गॅस कटर बंद झाला तरी कानात तासभर शिट्टी राहते.
ती उतरली की बाबा रे रोडच्या खोलीत
स्टोव्हशेजारी टेप लावत.
आधी पुंगीसारखं काहीतरी, तीन नळ्यांचं,
मध्ये श्वासच न घेणारं,
मग इलेक्ट्रिक गिटार, पत्र्यावर घण पडावा तशी,
आणि मग तो.

आवाज काही गोड नव्हता.
गंजलेला तळ खरवडतात तसा.
आई म्हणायची, ह्याला कुणीतरी पाणी द्या.

एकदा फीत अडकली, तुटली.
ताईच्या नेलपॉलिशनं बाबांनी ती जोडली,
दोन बोटं फीत वाया गेली.
तेव्हापासून तिसऱ्या कडव्यात तो एक शब्द गिळायचा
आणि त्याच्यामागून गुणगुणणारे बाबाही
नेमके तिथंच गिळायचे.

मी तेव्हा शाळेत ‘व्हय’चं ‘हो’ करत होतो.
बाई मारत नसत, नुसत्या हसत.
एकदा बाबा फाटकाशी येऊन म्हणाले,
‘आमचा पोर कुटं हाय वो?’
मी पाण्याच्या टाकीमागं उभा राहिलो,
घंटा होईपर्यंत.

जहाजांचे कागद तपासायला एक म्हातारा यायचा,
जेनोआचा, देल्पीनो नावाचा,
कटिंग चहात बिस्किट बुडवणारा.
बाबांनी त्याला टपरीवर टेप ऐकवली.
तो मोडक्या हिंदीत म्हणाला, ही इटालियन नाही.
अर्धी तर मलाही कळत नाही.
आमच्या खाली एक बेट आहे,
तिथल्या मेंढ्या राखणाऱ्यांची बोली.

बास्त्यानो म्हणत त्याला.
बाप कोळशाच्या खाणीत, हाही खाणीत.
खाण बंद पडली तेव्हा मिळालेल्या पैशांत गिटार घेतली,
बायको महिनाभर बोलली नाही.
रोमहून कंपनीचा माणूस आला:
जरा नीट भाषेत गा, मोटार देतो.
ह्यानं त्याला मेंढीचं चीज खाऊ घातलं
आणि संध्याकाळच्या बोटीत बसवलं.
छातीत खाणीची धूळ होती. पन्नाशी काही गाठली नाही.
त्याच्या गावी अजून लग्नात शेवटी त्याचंच गाणं लावतात,
लोक खुर्च्या उचलत असताना.

बाबांनी विचारलं, आणि हे कशावर आहे?
देल्पीनोनं पुन्हा कान लावला.
बकरी हरवलीय, म्हणाला. बहुतेक.

बाबा इतके हसले की ठसका लागला.
‘मंग त्यो आपल्यातलाच हाय की रं!’

तो ठसका पुढं कधी पुरता गेला नाही.
जहाजांच्या भिंतीत पांढरी रुई असायची,
आम्ही पोरं तिचे ढग करून खेळायचो.
बाबा ती हातानं ओढून काढायचे.
एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरनं विचारलं, खाणीत होता का?
बाबा म्हणाले, नाय. पन वळख हाय.

आता ते गाणं फोनवर मिळतं, अख्खं.
गिळलेला शब्दही ऐकू येतो.
मी दोनदा ऐकला. मग बंद केलं.
कुणी दुसराच गात असल्यासारखं वाटलं.

माझी मुलगी भाजी निवडताना ते गुणगुणते,
तिसऱ्या कडव्यात थांबते, एका शब्दाइतकी,
आणि पुढं जाते.
मी तिला काही सांगितलेलं नाही.

‘बाबा, ताट घेऊ का?’
‘व्हय,’ मी म्हटलं,
आणि ती मेथीची जुडी हातात धरून
माझ्याकडं बघत राहिली.