कुणाचं घड्याळ मागे

ल लोक्लच्या दुकानात बर्फाचा उजेड.
ओदिलबाई डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणतात,
पळणारं घड्याळ मागं पडतं म्हणे! अहो,
तेल घट्ट झालं की पडतं,
चाकात केस अडकला की पडतं.
पन्नास वर्षं उघडून हेच तर बघतेय.

गास्पार, शाळेतला फिजिक्सचा मास्तर,
कॉफी ढवळायची विसरून:
तेल नाही बाई. वेळच.
आणि तुम्हाला त्याचं हळू दिसतं
तसं त्याला तुमचं.

दोघांचंही मागे?
मग पुढे कोण?

मास्तर अडखळला.
ते कळतं, कुणी वळून परत आलं तर.
दोन्ही घड्याळं एका टेबलावर आली तर.
तोवर ‘खरंच’ हा शब्द नुसता लोंबकळतो.

बाईंनी चिमटा खाली ठेवला.
खणात एक मोकळी डबी आहे.
तिच्यातलं घड्याळ एतिएनच्या मनगटावर,
वाल्परायसोच्या बोटीवर चढताना
त्यांनीच लावून दिलेलं,
दिवसाला दोन सेकंद पुढे.
मुद्दाम.

एक्केचाळीस वर्षं, त्या म्हणाल्या,
एव्हाना आठ तास तरी पुढे असेल.

मास्तरने हिशेब तपासला नाही.