लाभ, दोन, तीन

डॉक्टरीणबाई गदगच्या. वय माझ्या नातीएवढं.
म्हणाल्या, अज्जा, पाच शब्द सांगते, ध्यानात ठेवा, शेवटी विचारीन.
नदी. लिंबू. कुलूप. मोर. निळा.
ठेवले.
बेचाळीस वर्षं संकेश्वरच्या बाजारात तोलाई केली.
पोत्याचं वजन ध्यानात ठेवलं, पोतंवाल्याचं नाव ठेवलं,
आणि कुणाचं काय कुणाला सांगायचं नाही, तेही.
पाच शब्दांचं कसलं ओझं.

दहापर्यंत मोजा, म्हणाल्या.
लाभ, दोन, तीन—
थांबवलं. अज्जा, एक म्हणा.
आता त्यांना काय सांगू,
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
मराठीत तोला नाहीतर कन्नडात, पहिलं पोतं लाभच.
कागदावर त्यांनी खूण केली.
बरोबरची की चुकीची, चष्म्यातनं दिसलं नाही.

शंभरातनं सात-सात वजा करा.
त्र्याण्णव. शहाऐंशी. एप्पत्तोंबत्तु. एप्पत्तेरडु. पासष्ट.
सून मालन हसली, तेव्हा कळलं
मधल्या दोन पायऱ्या मी दुसऱ्या जिन्यानं उतरलो.
ह्याच दोन जिन्यांपायी एकेकाळी
आमच्या पेठेची शटरं आठ-आठ दिवस खाली असायची.

मग बाटली नाकाशी धरली. कसला वास?
पाण्याचा, म्हणालो.
लवंगेचं तेल होतं.
हे मात्र मला आधीच ठाऊक.
गेल्या माघात मिरचीच्या थप्पीपाशी उभा होतो,
माणसं शिंकत होती, ठसकत होती,
माझ्या डोळ्यांना कळलं, नाकाला नाही.
चुकून भलत्याच मयताला गेल्यासारखा
डोळे पुसत उभा राहिलो.

घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.
गोल बरा आला, जरा बटाट्यासारखा.
आकडे सगळे एका अंगाला सरकले,
उन्हाळ्यात बसमध्ये सावली बघून बसतात तसे.
काट्यापाशी हात थांबला.
काटा मधोमध उभा पाहिजे.
इकडं झुकला तर शेतकरी ओरडतो,
तिकडं झुकला तर अडत्या.
मी सरळ काढला. एकच.
माझ्या घड्याळात बारा वाजले.

आता ते पाच शब्द.
नदी. निळा. मोर. लिंबू.
पाचवा पोत्याच्या तळाशी गेला.
डॉक्टरीणबाई थांबल्या.
पारडं हलायचं राहीपर्यंत थांबावं, तशा थांबल्या.
बाजारात इतकं कुणी थांबत नाही.

परतीच्या बसमध्ये मालन झोपली.
मी हुडकत होतो.
हत्तरगीच्या नाक्यावर वाटलं, आला.
नव्हता. कुदळ होती ती.
गुडघा धरून उतरलो. एक पाय, मग दुसरा,
मग जमीन आहे ना ते बघून काठी.

दारात मालन म्हणाली, मामा, किल्ली?
बंडीच्या खिशात हात घातला,
गार लोखंड बोटांना लागलं
आणि मी ओरडलो, कुलूप!
समोरचा शिवलिंग हातात कप घेऊन बाहेर आला.
कुलूप! कुलूप!
मालन कडीकडं बघत होती.
कडीला काही नव्हतं.
सकाळपासनं दार नुसतं ओढलेलं.

आत सगळं जागच्या जागी होतं. मांजरसुद्धा.
ती काही बोलली नाही. चहा टाकला.
साखर किती, चमचा धरून विचारलं.
लाभ, म्हणालो.
तिनं दोन घातले.